रूपाली कुरणे, हजर

आमच्या शाळेचं दर महिन्याला बातमीपत्र निघायचं आणि ते काढायचं काम माझ्या गळ्यात होतं. काढायचं म्हणजे स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं कोरायचं, मग शिपाई केरबा ते सायक्लोस्टाइलवर चढवून हँडल फिरवायचा. एकच कागद, पाठपोट. धावण्यात कोण पहिलं आलं, कुठल्या वर्गानं कुंड्यांना पाणी घातलं नाही, मरियामातेच्या सणाला कोण काय गाणार, आणि सगळ्यात शेवटी वाढदिवस. पालक बाकी काही वाचायचे नाहीत. आपल्या पोराचं नाव वाढदिवसात आहे का बघायचे, आणि नसलं की दुसऱ्या दिवशी फाटकात माझ्याशी भांडायचे. मीही काही कमी नव्हते. अस्सल कोल्हापूरची बाई मी, ऐकून घेते होय!

वाढदिवसाला आमच्याकडं फार मान. त्या एका दिवशी पोरानं युनिफॉर्म घालायचा नाही, रंगीत कपड्यात यायचं, प्रार्थनेला पुढं उभं राहायचं आणि मग वर्गावर्गात चॉकलेटं वाटत हिंडायचं. रंगीत झगा दिसला की केरबासुद्धा फाटकातून सलाम ठोकायचा.

आणि जिवंत पोरांना वर्षातला एक दिवस, तसा मेलेल्यांना अख्खा नोव्हेंबर. कॅथलिकांचा तो मृतांचा महिना. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर ब्रिजिडा ऑफिसच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवायच्या. घरातलं जे कुणी गेलं असेल त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून पोरांनी त्यात टाकायचं. कॅथलिक पोरं तशी मूठभरच, पण चिठ्ठ्या सगळेच टाकायचे. शेवटच्या शुक्रवारी प्रार्थनेत ती नावं मोठ्यानं वाचायची. वाचायला मी, कारण हसूरकर टीचरांचा आवाज माइकशिवाय कळंब्याच्या तळ्यापर्यंत जातो असं सिस्टर म्हणायच्या. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं असं मी समजून घेतलं होतं.

ही गोष्ट नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरची. ऊन कोवळं होतं, पोरं रांगेत होती, मी चिठ्ठ्या उलगडत वाचत होते. कुणाचे आजोबा, कुणाची पणजी. एकानं आपल्या म्हशीचं नाव टाकलेलं, मी तेही वाचलं. मग एक घडी केलेली चिठ्ठी उघडली आणि नेहमीच्या सवयीनं वाचून टाकलं, "रूपाली प्रसेनजीत कुरणे."

नाव तोंडातून गेल्यावर डोक्यात शिरलं. रूपाली कुरणे माझ्याच तिसरीच्या वर्गातली. रांगेत सगळ्यात पुढं, कारण उंचीनं सगळ्यात बुटकी. ती माझ्याकडंच बघत होती.

आणि तेवढ्यात "हजर" असा आवाज आला.

पोरं खो खो हसली. मेलेल्यांच्या यादीत हजेरी लावली म्हटल्यावर हसणारच. सिस्टरांनी मात्र कपाळावरून छातीपर्यंत क्रूस केला आणि मला पुढची चिठ्ठी वाचायची खूण केली. मी वाचली. पण तो आवाज आला तेव्हा मी त्या पोरीकडंच बघत होते आणि तिचे ओठ मिटलेले होते.

प्रार्थना संपल्यावर तिला बाजूला घेतलं. "काय गं, अक्कल आहे का? स्वतःचं नाव कुणी टाकतं का त्यात?"

"माझं न्हवं टीचर," ती म्हणाली. "अक्काचं हाय. सिस्टर म्हटल्या, जे मेल्यात त्यांचं टाका."

"मग तुझं नाव काय?"

ती चप्पल मातीत घासत राहिली. "प्रीती," ती म्हणाली. इतकं हळू म्हणाली, जणू दुसऱ्याची वस्तू घेतल्याचं कबूल करत होती.

तिथंच मला सत्त्याण्णवचा जून आठवला. पहिलीच्या प्रवेशाची गर्दी. आमचे क्लार्क रजेवर होते आणि जनरल रजिस्टर माझ्यापुढं होतं. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेचं मूळ पुस्तक, त्यात जे नाव चढलं ते पोराला जन्मभर चिकटलं. उचगावहून एक माणूस आलेला, प्रसेनजीत कुरणे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. हाताच्या रेघांत काळं बसलेलं. बोटाला धरून एवढीशी पोरगी. मी तिला विचारलं, "नाव काय तुझं, बाळ?" तिनं खणखणीत सांगितलं, "प्रीती!" मी पेन्सिलीनं 'प्रीती' लिहिलंसुद्धा. मग त्यानं जन्मदाखला पुढं केला, त्यावर रूपाली, १४ ऑगस्ट १९९१. "लाडानं म्हनतोय आमी प्रीती," तो म्हणाला. पोरगी पाच वर्षं दहा महिन्यांची वाटत नव्हती. तेवढं मला दिसत होतं, डोळे काही फुटले नव्हते माझे. पण मागं रांग होती, उकाडा होता. मी खोडरबर उचललं, 'प्रीती' पुसलं आणि शाईनं 'रूपाली' लिहिलं. पोरगी टेबलाच्या कडेवरून ते सगळं बघत होती.

मागाहून चौकशी केली तेव्हा कळलं, थोरली रूपाली सव्वा वर्षाची होऊन तापानं गेलेली. तिचा दवाखान्यातला जन्मदाखला घरात होता. धाकटी आजोळी घरीच जन्मली, तिचा कागद कुणी केलाच नाही, शिवाय वयही कमी भरत होतं. आणखी एक वर्ष कशाला घालवायचं म्हणून बापानं मेलीचा कागद जितीला जोडला. त्यात त्याला काही वाईट वाटलं नव्हतं. मलाही त्या दिवशी वाटलं नव्हतं. आता मात्र आतून खजील झाले.

तिच्या आईला मी आधीपासून ओळखत होते, आणि खरं सांगायचं तर मला ती बाई डोक्यात जायची. तानाबाई नाव. रोज पोरीला सोडायला यायची ती परत जायचीच नाही. वर्गाच्या मागच्या खिडकीशी गजाला धरून उभी राहायची. मी हजेरी घ्यायला लागले की डोळे मिटायची. कुरणे झालं की पदर सावरून चालू पडायची. एकदा मी खेकसले होते, "अहो, शाळा आहे का सिनेमा? बाकीच्यांनी असं केलं तर?"

"हजेरी झाली की जातो, बाई," ती म्हणाली होती. आमच्याकडं बायकासुद्धा जातो, येतोच म्हणतात. मी नाद सोडला.

त्या नोव्हेंबरनंतर मी हजेरी घेताना वर बघायला लागले. इतकी वर्षं खाली मान घालून नावं म्हणायची आणि हजर ऐकलं की टिंब द्यायचं, हीच सवय. आता बघितलं. "रूपाली कुरणे" म्हटलं की "हजर" यायचं, आणि त्यानंतर, अगदी एका श्वासाइतकं नंतर, प्रीतीचं तोंड हलायचं. शिकवलेल्या गाण्यात मागं पडलेलं पोर जसं नुसते ओठ हलवतं, तसं.

मी स्वतःला समजावलं. बाई, तुमचं वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला.

जानेवारीत एक दिवस हजेरी घेतली, वही मिटली, फळ्याकडं वळले आणि मग लक्षात आलं. दुसऱ्या रांगेतला तिसरा बाक. तिथं राजनंदिनी एकटीच बसली होती. वही उघडली. रूपाली कुरणे, हजर. माझ्याच हातचं टिंब, शाई अजून ओली. मी ऐकलं होतं, म्हणून तर दिलं होतं.

"राजनंदिनी, कुरणे कुठं आहे?"

"तिला ताप आलाय, टीचर."

"मग अशी कडेला का बसलीस, पडशील की. सरक मध्ये."

राजनंदिनीनं दप्तर मांडीवर घेतलं, पण सरकली नाही. "नको टीचर," ती म्हणाली, "मधी जागा लागती."

 खिडकीकडं बघितलं तर गजाआड तानाबाई. पोरगी घरात तापानं फणफणलेली आणि ही उचगावहून चालत इथं आलेली. मी तरातरा बाहेर गेले. तिच्या चेहऱ्यावर नुसतं समाधान होतं.

"पोरगी आजारी, आणि तुम्ही इथं?"

"हजेरी ऐकाया आलो, बाई," ती म्हणाली. "तिच्याजवळ सासूबाई हायत्या."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बाईची भीती वाटली.

फेब्रुवारीत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर दरवर्षीचे, त्यांनी प्रीतीचं कार्ड बघितलं आणि माझ्यावरच डाफरले. "टीचर, उंची न मोजताच मागची उतरवता काय?" पहिलीत एकशे आठ सेंटीमीटर, दुसरीत एकशे आठ. मी म्हटलं, मोजा तुम्हीच. त्यांनी तिला भिंतीला टेकवून दोनदा मोजलं. एकशे आठ. बाकी सगळं ठीक, दात ठीक, डोळे ठीक, भूकही लागते म्हणाली. रक्त तपासून आणलं, त्यातही काही निघालं नाही. पहिलीत शिवलेला युनिफॉर्म तिला तिसरीत बरोबर बसत होता, आणि वर्गातल्या पोरी तिच्याहून वीतभर उंच झाल्या होत्या.

मी सिस्टर ब्रिजिडांना सगळं सांगितलं. माझं खोडरबरसुद्धा. मला वाटलं हसतील नाहीतर झापतील.  त्या मात्र म्हणाल्या, "टीचर, आम्ही बाप्तिस्म्याला आधी नाव विचारतो, मग पाणी घालतो. नाव पहिलं. ही पोर चौथी पास होऊन पुढच्या वर्षी जाईल. दाखल्यावर काय लिहिणार तुम्ही?"

तेच तर होतं. आमची शाळा चौथीपर्यंत. शाळा सोडल्याचा दाखला एकदा रूपालीच्या नावानं हातात पडला की पुढं हायस्कूल, नोकरी, लग्न, सगळीकडं रूपाली. प्रीती नावाची मुलगी कुठल्याच कागदावर कधी जन्मलीच नाही असं होणार. त्याआधी रजिस्टरमध्ये दुरुस्ती करायला आईबाप दोघांच्या सह्यांचा अर्ज हवा, मग वरून मंजुरी. रविवारी मी उचगावला गेले.

प्रसेनजीत लगेच तयार झाला. "चूक झाली बाई, शाळेतनं काढू नगासा म्हंजे झालं," म्हणत त्यानं सही केली. तानाबाई चुलीपाशी बसली होती, तिनं कागदाला हातच लावला नाही. भिंतीवर एक फोटो होता, स्टुडिओत काढलेला. वर्षाची गुटगुटीत पोर, पिवळा झगा, दोन्ही खांद्यांवर लाल रिबिनीची फुलं.

"पयल्या वाढदिवसाचा," तानाबाई म्हणाली. "झगा मीच शिवला. ती गेली तवा सासूबाई म्हटल्या, आता हिचं नाव घरात कुनी काढायचं न्हाई. काढलं की तू रडतीस. सात वरसं झाली बाई, ह्या घरात कुनी रूपे म्हनून हाक मारली न्हाई. ह्यांनी न्हाई, कुनीच न्हाई. शाळंत तुमी रोज मारता."

"तानाबाई, ती ओ देते ते…"

"व्हय. तिचाच आवाज हाय त्यो. मला काय कळत न्हाई?" ती माझ्याकडं वळली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. "तुमी नाव काढलासा, तर ती कुठं जाईल, सांगा."

 फाटकात शंभर पालकांशी भांडणारी मी, त्या कागदाची घडी घालून उठले. प्रीती दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या अंगावर पहिलीचा युनिफॉर्म होता, रविवार असून.

जून आला, वर्ग चौथीत गेला आणि माझ्याकडंच राहिला. अर्ज माझ्या कपाटात एका सहीवाचून पडून. प्रीती आता न मोजताही कळावं इतकी लहान दिसायला लागली होती. बाकावर बसली की हनुवटी कशीबशी वर यायची. हाक मारली की ओळखीचं बघायची नाही. वहीवर नाव घालायची जागा कोरी ठेवायची. पोरगी हातातून निसटत चाललीय हे मला दिसत होतं आणि मी रोज सकाळी माझ्याच तोंडानं तिच्या मेलेल्या बहिणीला बोलावत होते. 

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी "रूपाली कुरणे" म्हटलं. "हजर" आलं. प्रीतीचे ओठ त्या दिवशी हललेच नाहीत. ती बाकावरून उतरली, चालत माझ्या टेबलापाशी आली आणि सगळ्या वर्गादेखत तिनं विचारलं.

"टीचर, मी कवा म्हनायचं हजर?"

 मी तिला जवळ ओढलं आणि मला रडू आवरेना, चौथीच्या पोरांसमोर, शरम सोडून. मान वर केली तेव्हा खिडकीतली तानाबाई गजाला कपाळ टेकवून उभी होती. तिनं ऐकलं होतं. इतक्या वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच तिनं धाकटीचा आवाज ऐकला असावा.

तिनं गजातून हात आत घातला. "द्या त्यो कागद," ती म्हणाली. खिडकीच्या कट्ट्यावर कागद धरून, मोडक्यातोडक्या अक्षरांत तिनं सही केली. मग मला विचारलं, "नोव्हेंबरात वाचशिला न्हवं तिचं नाव?"

"दरवर्षी वाचीन," मी म्हटलं. "मी असेपर्यंत."

मंजुरीचं पत्र बारा ऑगस्टला, शनिवारी आलं. मी रजिस्टर काढलं, 'रूपाली'वर लाल शाईची एक रेघ ओढली, वर 'प्रीती' लिहिलं आणि सही केली. या वेळी खोडरबर वापरलं नाही. ऑगस्टच्या बातमीपत्रात चौदा तारखेच्या वाढदिवसांत दरवर्षी असणारं एक नाव मी कोरलं नाही. सोमवारी चौदा होती.

सोमवारी मैदानावर पोरं झेंड्याची तालीम करून आली आणि मी नवी हजेरीची वही उघडली. तानाबाई खिडकीत होती. नावं घेत गेले. कुरणेपाशी आले.

"प्रीती कुरणे."

काहीच नाही. पंखा फिरत होता तेवढाच. राजनंदिनीनं शेजारी बघितलं. प्रीती तोंड उघडं टाकून माझ्याकडं बघत होती, ही हाक आपल्याला आहे यावर तिचा विश्वास बसेना.

"प्रीती कुरणे!" मी ओरडले, कळंब्यापर्यंत जाईल असं.

ती बाकावर चढली. "हजर!" दोन्ही मुठी आवळून ती अशी ओरडली की शेजारच्या वर्गातले टीचर दारात आले. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी डोळे पुसून खिडकीकडं बघितलं तर तानाबाई निघून गेली होती.

मधल्या सुट्टीत केरबा बातमीपत्राचे उरलेले कागद घेऊन आला. "टीचर, काय बी म्हना," तो म्हणाला, "तुमी उगंच त्या कुरण्याच्या पोरीच्या उंचीचा घोर लावून घेतलासा. चांगली आईच्या खांद्याला लागतीया की."

"कोण?"

"कुरण्याची पोरगी हो. आत्ता सकाळी आई घेऊन गेली न्हवं का. वाढदिवस दिसतोय, रंगीत झगा घातलेला. पिवळा. मी सलाम बी ठोकला." तो हसला. "आईचा हात काय सोडत न्हवती."

मी मैदानाकडं बघितलं. प्रीती युनिफॉर्ममध्ये, नळाशी, राजनंदिनीच्या अंगावर पाणी उडवत होती. केरबानंही तिकडं बघितलं. मग त्यानं फाटकाकडं बोट दाखवलं.

शाळा सुटायच्या आत पोर बाहेर न्यायचं असलं की फाटकाच्या वहीत नोंद करावी लागते, तो सिस्टरांचा कडक नियम. मी फाटकाशी गेले आणि वही उघडली. केरबाच्या अक्षरात तारीख आणि वेळ होती, साडेअकरा. विद्यार्थिनीचं नाव, रूपाली कुरणे. नेणाऱ्याची सही, तीच मोडकीतोडकी. कुठे, तर घरी.

शेवटच्या रकान्यात 'परत येणार का' असं छापलेलं असतं. तिथं तानाबाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, न्हाई.